कड्याकडची बाजू

नीटच्या परीक्षेचा रविवार आला की मी शक्यतो घराबाहेर पडत नाही. यंदा पडावं लागलं. आमच्या शाळेतच सेंटर होतं आणि मी चित्रकलेचा मास्तर, त्यामुळे खोल्यांचे नंबर रंगवायचे, भिंतींवर बाण काढायचे ही कामं माझ्याच माथी. फाटकाशी पोरं रांगेत उभी होती. हातात पारदर्शक बाटली, पायात चपला, कारण बूट चालत नाहीत. एका मुलीच्या कानातली रिंग निघेना. तिची आई साबण लावून ती ओढत होती, कान लालबुंद झालेला आणि पोरगी हूं की चूं करत नव्हती. मी हातातला ब्रश तसाच डब्यात टाकला आणि मागच्या नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं. शिपाई म्हणाला, "सर, ऊन लागलं काय?"

"व्हय बाबा, ऊनच," मी म्हटलं.

ऊन कसलं डोंबलाचं! माझी मुलगी अशाच एका फाटकातून तीनदा आत गेलेली आहे. प्राजक्ता तिचं नाव, घरात प्राजू. तीन उन्हाळे मी अशाच रांगेच्या कडेला तिची बॅग धरून उभा राहिलो. ते बघितलं की मला परीक्षा आठवत नाही, तिसऱ्या परीक्षेनंतरचा पावसाळा आठवतो. चार वर्षं झाली त्याला. लोकांना पावसाळा म्हटलं की हिरवं आठवतं, भजी आठवतात. मला तेव्हाचं नुसतं धुकं आठवतं आणि धुक्यात माझ्या पुढं पाच पावलांवर चालणारा एक निळा रेनकोट. तो दिसायचा बंद झाला की माझ्या छातीत काय व्हायचं ते माझं मला माहीत.

तिसरा निकाल जूनमध्ये लागला. प्राजू मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "नाही झालं." दूधवाला नाही आला, हे आपण ज्या आवाजात सांगतो त्याच आवाजात. मग तिनं जेवायला वाढून घेतलं, जेवली, ताट विसळलं आणि खोलीत जाऊन झोपली. ती झोपली ती झोपलीच. उठायची, दोन घास खायची, पुन्हा भिंतीकडं तोंड. दोन वर्षं सांगलीला मामाकडं राहून क्लास केलेली पोरगी, पहाटे चारला गजर लावणारी, ती दुपारी बारालाही केस न विंचरता पडलेली. तिच्या टेबलासमोर एक पाटी होती. ती दहावीत असताना मीच रंगवलेली, निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं: 'डॉ. प्राजक्ता'. काय हौस, काय कौतुक! पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम त्या खोलीत न्यायचो. निकालानंतर तिसऱ्या दिवशी बघितलं तर पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवलेली. तिनं फोडली असती, फेकली असती तर बरं वाटलं असतं. तिनं ती नीट वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरी बांधून ठेवली होती.

वैशाली म्हणजे आमची ही. माहेर पलूसचं. बोलणं रोखठोक, काळजात एक आणि ओठावर दुसरं असला प्रकार नाही. एक दिवस मला गच्चीवर बोलावून म्हणाली, "आवं, पोरगी रडंना झालीय. रडली असती तर मला एवढं भ्या वाटलं नसतं. तिच्या डोळ्यात बघा जरा. तिला एकटी सोडू नका."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"मी काय बोलले? तुमीच बघा. न्हाईतर तिला मनाच्या डॉक्टराकडं तरी नेऊ."

"आपल्या घरात असलं काही नसतं," मी खेकसलो. हे वाक्य मी किती ठसक्यात म्हटलं होतं ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आमच्या घराण्यात औषध एकच. काहीही होऊ दे, गडावर जाऊन यायचं. थोरला भाऊ मिलिटरीत भरती झाला तेव्हा ट्रेनिंगला जायच्या आदल्या दिवशी वडील त्याला सज्जनगड चढवून घेऊन आले. मी दहावीला गणितात गटांगळी खाल्ली तेव्हा अजिंक्यतारा. लग्न झालं, अंगाची हळद उतरायच्या आत वैशालीला घेऊन पुन्हा सज्जनगड. हातभर हिरव्या बांगड्या आणि नव्या चपला घालून बिचारीनं सगळ्या पायऱ्या चढल्या. आई गेली तेव्हा तेराव्यानंतर वडील बोलेनात. भावानं त्यांना गाडीवर मागं बसवलं आणि वर्धनगडाला नेलं. वरून खटावच्या बाजूचा मुलूख बघून ते म्हणाले, "यंदा पाऊस कमी हाय." भावानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुस्कारा सोडला. माणूस परत आला होता. सातारकराला यात काही विशेष वाटणार नाही. राजधानीचं गाव आमचं. कुठल्याही गच्चीवर उभे राहा, कुठला ना कुठला गड डोक्यावर असतोच. सकाळी निघावं, दुपारी वर बसून धपाटी खावीत, दिवेलागणीला घरी यावं. पुण्याची माणसं गाड्या भरभरून याच्यासाठी येतात, आम्हाला तर दारातच आहे.

तर या औषधावर माझा एवढा आंधळा विश्वास, की जिला जगणं नको झालंय अशी मला मनातून धास्ती होती, त्या माझ्या पोरीला मी पहिल्याच रविवारी कड्यावर घेऊन गेलो. दुसऱ्या गावचा माणूस अशी चूक करणार नाही. माझ्या मात्र ते डोक्यातही आलं नाही, आणि आलं ते वर पोहोचल्यावर.

अजिंक्यतारा. गाडी थेट दरवाज्यापर्यंत जाते. पावसाची भुरभुर होती, फिरायला आलेली म्हातारी मंडळी छत्र्या सावरत खाली निघालेली. प्राजू 'चल' म्हटल्यावर उठली, रेनकोट घातला, मागं बसली. मला वाटलं, अर्धी लढाई जिंकली. आम्ही तटावर गेलो. खाली सातारा पसरलेला, पत्रे ओले होऊन चमकत होते, शाळेचं मैदान रुमालाएवढं. मी बोट करून दाखवायला लागलो, "ते बघ आपलं घर, ती टाकी दिसते ना..." आणि बोलता बोलता बघितलं तर ती घराकडं बघतच नव्हती. सरळ पायाखाली बघत होती. तटाच्या खाली. अरे गाढवा, मी स्वतःला म्हटलं, कुठं घेऊन आलास हिला? मी पुढं होऊन तिच्या आणि तटाच्या मधे उभा राहिलो. ती म्हणाली, "पप्पा, तिथं निसरडं आहे." मी म्हटलं, "असू दे." मग मीही खाली बघत राहिलो. बराच वेळ.

खाली आल्यावर वैशालीनं विचारलं, "कशी हाय?" मी म्हटलं, "बरी आहे. पुढच्या रविवारी परत जाऊ." आता तुम्ही म्हणाल, एवढी अक्कल आल्यावर परत कशाला? ती घराबाहेर पडली होती, हे एक होतं. त्या आठवड्यात तिनं दोनदा केस विंचरले, हे दुसरं. आणि बुडत्या माणसाला समोर जे दिसेल ते तो धरतो, एवढंच खरं. रविवार ते रविवार मी जगत होतो. शाळेत वर्गावर उभा असलो तरी डोळे घड्याळाकडं, मधल्या सुट्टीत घरी फोन, "काय करतीय?" वैशाली म्हणायची, "झोपलीय." "दार उघडं आहे ना?" "उघडंच हाय." मग जीव भांड्यात पडायचा, तो पुढच्या तासापुरता.

दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम गड नको म्हटलं. जुनी जागा हवी, पण सपाट. डोकं खाजवून लिंबची बारामोटेची विहीर काढली. महामार्गापासून आत, उसातून रस्ता, गाव शांत, चढायचं काही नाही. दगडी जिना उतरून आत गेलो तर एखाद्या महालात शिरल्यासारखं गार वाटतं, भिंतीवर वाघ कोरलेले, हत्ती कोरलेले. मी चित्रकलेच्या तासाला सांगतो तसं तिला नक्षी समजावून सांगायला लागलो. आणि दालनाच्या पलीकडच्या कमानीतून ती वाकून खाली बघताना दिसली. खाली काळंभोर पाणी. विहीर! अरे देवा, विहिरीवर आणलंय मी हिला! मी धावत जाऊन तिचा दंड धरला. इतका जोरात, की ती ओरडली, "पप्पा, दुखतंय! सोडा." मग तिनंच मला हाताला धरून मागं ओढलं आणि आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. तिनं बाटली काढून दिली. मी पाणी प्यायलो तेव्हा बाटली दातावर वाजत होती.

त्याच्या पुढच्या वेळी मेणवली. घाट सुंदर, घंटा मोठी, वाईतून जाता येता भेळ खाता येते, असा माझा हिशोब. तर कृष्णेला पाणी आलेलं. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली आणि लाल पाणी गरागरा फिरत चाललेलं. मी गाडी लावली, पाणी बघितलं आणि परत गाडी काढली. "काय झालं?" "काही नाही, पाऊस वाढेल." परतीच्या वाटेवर मला हसू की रडू कळेना. आमच्या या मुलखात राजांनी, सरदारांनी, सावकारांनी जे जे म्हणून बांधलं ते एकतर कड्यावर, नाहीतर पाण्यावर. बापानं पोरीला घेऊन जावं अशी सपाट जागा म्हणून एकही ठेवली नाही.

यात एक गोष्ट मला सारखी छळत होती. प्राजू नेहमी बाहेरच्या बाजूनं चालायची. वाटेच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, की ती बरोबर दरीच्या अंगाला. मी तिला आत घ्यायचो, स्वतः बाहेर व्हायचो. शंभर पावलं गेली की काहीतरी निमित्त काढून, कुठं बुटाची नाडी बांध, कुठं फूल बघ, ती पुन्हा बाहेर. मी पुन्हा तिला आत घ्यायचो. एक शब्द न बोलता आमचं हे चालायचं. वैराटगडावर, पांडवगडावर, कऱ्हाडजवळच्या सदाशिवगडावर. मी वैशालीला सांगितलं नाही. काय सांगणार? पोरीला दरी ओढून घेतेय, असं? ते तोंडातून काढलं असतं तर खरं झालं असतं, अशी मला भीती.

मधे एकदा वैशालीच म्हणाली, "आवं, डोंगर पुरं झालं. तिला माझ्या माहेरी न्या, मिरज दाखवा." पलूसला मुक्काम न करता आम्ही थेट मिरजेला गेलो. सपाट गाव, जुना किल्ला आहे पण त्याचं आता काही धाकधुकीचं उरलेलं नाही. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. दुकानांत आढ्याला भोपळे टांगलेले, लाखेचा वास, भुश्याचा वास. एका म्हाताऱ्या कारागिरानं आम्हाला बसायला पाट दिला. तो एका मोठ्या भोपळ्याला बोटानं टिचक्या मारत होता. मग त्यानं तो बाजूला ठेवला.

"काय झालं हो?" प्राजूनं विचारलं. किती दिवसांनी तिनं परक्या माणसाला काही विचारलं होतं.

"चिरला," म्हातारा म्हणाला. "तीन वर्सं वाळवला बघा. सावलीत ठिवला, पोटच्या पोरावानी जपला. आता हात लावला आणि चिरला. तीन वर्सं गेली."

मी त्याच्याकडं बघितलं, त्या क्षणी मला त्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं. मेल्या, तीन वर्षं तीन वर्षं काय लावलंयस? पण प्राजूनं भोपळा मांडीवर घेतला आणि विचारलं, "मग आता ह्याचं काय?"

"काय म्हंजे? तंबोरा न्हाई व्हणार. घरात आमची बाई त्यात बी-बियानं ठिवती. लय झकास ऱ्हातंय."

आणि प्राजू हसली. फार नाही, नाकातून थोडी हवा गेली एवढंच. मला मात्र त्या दुकानातून बाहेर जावं लागलं. रस्त्यावर उभा राहून मी एका सायकलवाल्याकडं बघत बसलो, भरलेले डोळे तिला दिसू नयेत म्हणून.

आज ती मिरजेतच आहे. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला. परवा फोनवर सांगत होती, गुडघा बदललेल्या एका आजीला तिनं पहिल्यांदा चार पावलं चालवलं आणि आजी तिला म्हणाली, "धरून ठेव गं बाई, मला सोडू नकोस." हे ती हसत सांगत होती. मी हं हं करत ऐकत होतो आणि तिचा आवाज खरोखर हसतोय की हसण्याचं सोंग करतोय, ते कानानं चाचपत होतो. ही खोड गेलेली नाही, जाईलसं वाटत नाही. तिनं दोनदा फोन उचलला नाही की मी तिच्या मैत्रिणीला फोन लावतो. वैशाली ओरडते, "जरा दम धरा की!" धरतो. दहा मिनिटं.

पण मी सांगत होतो तो पावसाळा. मिरजेहून आल्यावर मला वाटलं, झालं, वळण लागलं. आणि दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडली. चार दिवस. त्या चार दिवसांत माझं मी काय केलं ते आठवत नाही. मुलांच्या वह्या न बघता सह्या करत होतो. वर्षानुवर्षं सकाळी उठून एक तरी रेखाटन करायचा माझा नेम, तो जूनपासून बंद पडलाय हे मला कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, वेळ कुठाय? दाढी वाढलेली. जेवण जात नव्हतं, पट्ट्याला घरीच खिळ्यानं नवीन भोक पाडलं होतं. एकदा भावाचा फोन आला तेव्हा बाल्कनीत जाऊन म्हणालो, "कशातच राम उरला नाही रं. हे सगळं संपलं तर सुटेन एकदाचा." भाऊ तिकडून ओरडायला लागला तसा मी फोन ठेवला. बोलून गेलो, विसरून गेलो. माणूस वैतागला की बोलतोच असं, मी धरून चाललो होतो. सगळं लक्ष पोरीकडं, मग स्वतःकडं कोण बघतंय?

नंतरच्या रविवारी नांदगिरी, म्हणजे कल्याणगड. त्या गडाच्या पोटात एक लांबच लांब गुहा आहे, गुहेत पाणी, आणि शेवटाला मूर्ती. कठड्याला धरून पाण्यातून चालत आत जायचं. पावसाळ्याचं पाणी मांडीपर्यंत आलेलं, बर्फासारखं. बॅटरीचा उजेड चार हात. मी पुढं, ती मागं, तिचा हात माझ्या खांद्यावर. आत गेल्यावर मला जाणवलं की इथं कडा नाही. वर दगड, दोन्हीकडं दगड, कुठं पडायला जागाच नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला पोरीवर पहारा द्यायचा नव्हता. आणि मूर्तीसमोर हात जोडायच्या ऐवजी मला रडू फुटलं. आवाज नको म्हणून मी ओठ चावले, पण गुहेत श्वाससुद्धा मोठा ऐकू येतो. खांद्यावरचा तिचा हात घट्ट झाला, नखं रुतली. बाहेर आलो तेव्हा तिनं बॅटरी बंद केली आणि म्हणाली, "पप्पा, पुढच्या रविवारी पण जायचं ना?" मला वाटलं, पोरगी सुधारतेय. तिच्या आवाजात भीती होती, हे मला कळलंच नाही.

आणि मग वंदनगड. चंदन-वंदन ही जोडी, शेजारी शेजारी उभे. भाद्रपद उजाडला होता, पाऊस उघडलेला, गवत छातीइतकं. वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते, एका बाजूला उतार सरळ खाली. ती बाहेरच्या अंगानं चालत होती. मी तिला आत घेतलं. ती पुन्हा बाहेर. मी पुन्हा आत घ्यायला हात धरला, तर तिनं झटकला.

"पप्पा, आत व्हा तुम्ही."

"तू आत हो."

"मी नाही होणार. तुम्ही व्हा."

"प्राजू, मी काय सांगतोय? कळत नाही तुला? आत हो आधी!"

"आणि मी काय करतेय दोन महिने?" ती किंचाळली. त्या डोंगरात तिचा आवाज किती लांब गेला असेल. "प्रत्येक वेळी तुम्ही कडेला! प्रत्येक वेळी! मला झोप लागत नाही पप्पा, शनिवारी रात्री मला झोप लागत नाही!"

आम्ही दोघं वाट अडवून उभे. मी तिचं मनगट धरलेलं, तिनं माझ्या शर्टाची बाही. तेवढ्यात मागून गवताचा भारा घेऊन एक बाई आली. भाऱ्याखाली तिचं तोंडही नीट दिसत नव्हतं, कमरेला खोचलेला इळा तेवढा दिसत होता.

"आवं, भांडताय कशापायी? जरा बाजूला सरा की."

मी इतका भांबावलो होतो, की शाळेतल्या पोरासारखी तक्रार केली. "मावशी, ही कड्याच्या बाजूनं चालतीय."

"हेच चालतात!" प्राजू म्हणाली.

बाईनं भारा एका हातानं सावरला. आमच्याकडं बघितलं, वाटेकडं बघितलं. "मग दोघंबी आतनं चाला की," ती म्हणाली. "वाट लय रुंद हाय. आमी रोज भारा घिऊन जातोय हितनं." आणि गेली. वळणापाशी भारा दिसेनासा झाला.

वाट खरंच रुंद होती. बैलगाडी जाईल एवढी. इतके दिवस मी कुठल्याच वाटेची रुंदी बघितली नव्हती, फक्त तिची कड बघितली होती. आम्ही डोंगराच्या अंगाला, दगडाला पाठ लावून खाली बसलो. गवत ओलं होतं. प्राजू गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली. जूनमध्ये यायला हवं होतं ते रडं, सप्टेंबरात आलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

"तुम्ही काकांना फोनवर काय म्हणालात ते मी ऐकलं," रडं ओसरल्यावर ती म्हणाली. "पण त्याच्या आधीच मम्मीनं मला सांगितलं होतं. म्हणाली, पप्पांचं लक्षण मला बरं दिसत न्हाई. जिथं जातील तिथं बरोबर जा. एकटं सोडू नको."

"मम्मीनं?" गच्चीवर मला जे सांगितलं होतं, तेच तिनं खाली जाऊन हिलाही सांगितलं होतं. तिला आम्ही दोघंही दिसत होतो. स्वतःसाठी कुणाला काय सांगितलं होतं तिनं, कुणास ठाऊक.

"आणि तू?" मी विचारलं. "तुला कधी... तुझ्या मनात?"

ती समोर बघत होती. "पहिला आठवडा," ती म्हणाली. "सारखं यायचं. मग तुमच्याबरोबर यायला लागले. मग वेळच कुठं होता?"

मी तिच्या केसातली गवताची काडी काढली.

"खरं सांगा पप्पा. अजिंक्यताऱ्यावर तुम्ही तटाच्या कडेला जाऊन उभे राहिलात. मला आडोसा म्हणून उभे राहिलात, ते कळतंय मला आता. पण नंतर तुम्ही खाली बघत होतात. तेव्हा तुमच्या मनात आलं होतं की नाही?"

बाप म्हणून खोटं बोलायची मला सवय आहे. सगळ्यांनाच असते. लागलं नाही, दमलो नाही, मला भूक नाही. तेच तोंडावर आलं होतं. पण ती माझ्याकडं डोळ्याची पापणी न लववता बघत होती, आणि त्या डोळ्यांत वैशालीनं मला जे बघायला सांगितलं होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"व्हय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. घाबरली नाही, रागावली नाही. "आपण दोघंही डॉक्टरांकडं जायचं," ती म्हणाली. "उद्याच. मी एकटी जाणार नाही." आम्ही गेलो, पुढं कितीतरी महिने गेलो, दवाखान्यातल्या बाकावर शेजारी शेजारी बसलो; ते सगळं लांबलचक आहे आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. पण त्या डोंगरावर तिला तेवढ्यानं भागणार नव्हतं. म्हणाली, "आता शपथ घ्या. परत तसं वाटलं तर आधी मला सांगाल."

माझा हात सवयीनं तिच्या गळ्याकडं गेला. आपल्याकडं शपथ अशीच घेतात, जो सगळ्यांत लाडका त्याच्या गळ्याला हात लावून. "तुझ्या गळ्याची..." मी सुरुवात केली.

तिनं माझा हात धरून खाली केला. "माझी नको," ती म्हणाली. "माझी तुम्ही कितीही घ्याल. तुमची घ्या."

स्वतःच्या गळ्याची शपथ मी कधी घेतली नव्हती. कुणी घेतलेली ऐकलीही नव्हती. शपथेला जीव मौल्यवान लागतो, आणि स्वतःचा जीव त्यात कुणी धरत नाही. मी पन्नाशीचा माणूस, ओल्या गवतात बसून हात वर नेला. गळ्याला बोटं लागली. गरम होता. आत काहीतरी जोरजोरात उडत होतं.

"माझ्या गळ्याची शपथ," मी म्हणालो.

प्राजूनं डोळे पुसले. मग तिचा हात तिच्या गळ्याकडं गेला.